एक इयत्ता पुढचा माणूस

दिवाळी अंकांत आणि गौरवग्रंथांत एक लेख हमखास असतो. खेड्यातला मुलगा शहरात कॉलेजला येतो, बावरतो, महिनाभरात गावी परतायचे मनात पक्के करतो आणि नेमका त्याच वेळी वरच्या वर्गातला कुणी तरी त्याला 'देवासारखा भेटतो'. तो त्याचा फॉर्म भरून देतो, मेसच्या मॅनेजरकडे शब्द टाकतो, स्वतःची जुनी पुस्तके देतो. पुढे हा मुलगा प्राध्यापक, अधिकारी किंवा कवी होतो आणि साठीनंतर त्या सीनियरविषयी कृतज्ञतेने लिहितो. मराठवाड्यातल्या शिकलेल्या पहिल्या पिढीने असे इतके लिहिले आहे की तो एक स्वतंत्र लेखनप्रकारच मानायला हरकत नाही. या लेखांतली कृतज्ञता खरी असते, पण त्यातले कारण मला पटत नाही. देव भेटणे हा नशिबाचा भाग झाला. एकाच गावात, एकाच काळात, शेकडो मुलांना असा माणूस भेटत असेल तर ते नशीब नव्हे. ती एक व्यवस्था असते आणि व्यवस्था कुणी तरी उभी केलेली असते, तशी ती मोडताही येते. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, शैक्षणिक इतिहासात याचा सगळ्यात ठळक पुरावा सापडतो. तो तपासला तर आज आपण काय मोडीत काढतो आहोत हेही दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केले. ते आधी छावणीत भरले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली. पुढे कॉलेज मिलिंद महाविद्यालय झाले आणि परिसर नागसेनवन. त्याआधी, निजामाच्या राजवटीत, औरंगाबादला सरकारी कॉलेज होते ते इंटरपर्यंतचे. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचे. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि हैदराबाद संस्थान त्याच्याही बरेच मागे होते. अशा प्रदेशात दलित मुलांनी पदवीपर्यंत यावे म्हणून कॉलेज काढायचे तर वर्गखोल्यांइतकेच वसतिगृह लागणार, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. वसतिगृहाची कल्पना त्यांच्यासाठी नवी नव्हती. बहिष्कृत हितकारिणी सभा जुलै १९२४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. कोलंबिया विद्यापीठात असताना वसतिगृहात भेटलेले नवल भथेना पुढे आयुष्यभर त्यांच्या अडीनडीला उभे राहिले. एका खोलीत राहिलेला माणूस काय करू शकतो, याचा अनुभव संस्थापकाने स्वतः घेतला होता.

आता वर्गाकडे पाहू. पहिल्या पिढीच्या कॉलेजात एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांची वये सारखी नसत. शाळेत उशिरा घातलेले, मधली दोन-चार वर्षे रोजगाराला गेलेले, नापास होऊन पुन्हा बसलेले, प्राथमिक शिक्षकाची नोकरी सांभाळून पदवी घ्यायला आलेले असे सगळे एकत्र असत. आजचा शिक्षणतज्ज्ञ याला 'गळती आणि खंड' म्हणेल आणि ते चूकही नाही. पण त्यातूनच वर्गात एक मोठा माणूस तयार मिळत होता. तो प्राध्यापक नव्हता, मुलांच्याच हजेरीपटावर त्याचे नाव होते, पण कचेरीत कारकुनाशी कसे बोलायचे, शिष्यवृत्ती लांबली तर कुणाला गाठायचे, इंग्रजीच्या पेपरला नुसते उत्तीर्ण होण्यापुरते काय करायचे हे त्याला माहीत होते. प्राध्यापकाला विषय येतो; विषय न येणे म्हणजे काय, हे त्याला आठवत नाही. एक इयत्ता पुढच्याला ते कालचेच असते. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला इंग्रजी पाठ्यपुस्तकातले पहिले पान का उलगडत नाही, कोणत्या शब्दाशी तो अडतो, याचे उत्तर त्याच शब्दाशी गेल्या वर्षी अडलेल्याकडे असते.

हे मी केवळ तर्काने म्हणत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीने मुलाची शिकण्याची पुढची पायरी ठरवताना मोठ्या माणसाच्या मदतीबरोबरच अधिक जाणत्या सोबत्याची मदतही मोजली. त्याच्याही कितीतरी आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासच्या अनाथाश्रमात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवायची पद्धत बसवली. इथल्या शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहून त्याला ही वाट सुचली. लंडनला जाऊन त्याने ती 'मद्रास पद्धत' म्हणून छापली आणि इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळा काही दशके तिच्यावर चालल्या. बेलच्या हातात ती स्वस्तातली शिकवणी झाली, पाठांतराचा कारखाना झाला, हेही सांगितले पाहिजे. कारण वरच्या वर्गातल्या मुलाला फुकटचा मास्तर केले की त्याच्यातला सोबती संपतो. नागसेनवनातला सीनियर कुणी नेमलेला नव्हता. तो तिथे राहत होता, एवढेच.

आणि राहत होता म्हणजे कसा, हेही महत्त्वाचे. प्राचार्य एम. बी. चिटणीस यांनी लिहिलेले 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदमध्ये बसवले गेले आणि १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यातही त्याचा प्रयोग झाला. तालमीत पहिल्या वर्षाचा आणि शेवटच्या वर्षाचा मुलगा एका वेळी उभा असतो, त्यात एकाला संवाद पाठ असतात आणि दुसऱ्याला नसतात; ज्याला असतात तो दुसऱ्याला ते विंगेतून पुरवतो. वक्तृत्व स्पर्धा, वार्षिक अंक, मेसचे पाळीने चालणारे काम यांतही तेच. कॉलेजचा कारभार वरवर प्राचार्य चालवत, पण संध्याकाळनंतरचे कॉलेज मुलेच चालवत. ज्याला आपण संस्कार म्हणतो त्यातला मोठा भाग या संध्याकाळच्या कॉलेजात झाला.

तिथून काय निघाले ते पाहा. प्र. ई. सोनकांबळे आई-वडिलांविना, बहिणीच्या आश्रयाने, उपासमारीत वाढले. ते मिलिंदमध्ये शिकले, पुढे नागसेनवनातच इंग्रजी शिकवू लागले आणि १९७९ मध्ये 'आठवणींचे पक्षी' हे आत्मकथन त्यांनी दिले. दलित आत्मकथनांच्या पहिल्या फळीतले हे पुस्तक आहे. सुखदेव थोरात मिलिंदमधून बी.ए. झाले, मराठवाडा विद्यापीठातून एम.ए. झाले, जेएनयूत गेले आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. सोनकांबळे यांच्या वाटेकडे नीट पाहिले तर व्यवस्थेचे चक्र दिसते: जो शिकायला आला तोच शिकवायला थांबला. म्हणजे पुढच्या तुकडीला प्राध्यापकही असा मिळाला की जो कालपर्यंत याच मेसमध्ये जेवत होता. वरच्या वर्गातला माणूस इथे हळूहळू व्यासपीठावर चढला, पण त्याची इयत्ता मात्र फार पुढे गेली नाही.

गंगाधर पानतावणे यांचे उदाहरण इथे कुणी हरकतीसाठी पुढे करेल. पानतावणे नागपूरचे, जन्म १९३७ चा. औरंगाबादला ते विद्यार्थी म्हणून नव्हे, प्राध्यापक म्हणून आले, आधी मिलिंदमध्ये आणि पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात. मग त्यांना सीनियर कसे म्हणायचे? माझे म्हणणे असे की त्यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने हेच नाते कॉलेजच्या कुंपणाबाहेर नेले. प्राचार्य म. ना. वानखेडे यांच्या पुढाकाराने साठच्या दशकात नागसेनवनात दलित साहित्याची जी चर्चा सुरू झाली, तिच्यातून हे नियतकालिक उभे राहिले आणि पानतावण्यांनी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. लिहू पाहणाऱ्या मुलाने पहिली कविता कुठे पाठवायची, तर अस्मितादर्शकडे. पुण्या-मुंबईच्या संपादकाकडून कविता साभार परत आली तरी त्यात काय चुकले ते कळत नसे. इथून पोस्टकार्ड यायचे. सत्तरच्या दशकात लेखक-वाचक मेळावे सुरू झाले, तेव्हा लिहिणारा आणि वाचणारा एका मांडवात बसू लागला. तिशीतला संपादक आणि विशीतला कवी यांच्यातले अंतर गुरू-शिष्याचे नव्हते, थोरल्या-धाकट्याचे होते. म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अस्मितादर्शची नोंद चळवळीचे मुखपत्र म्हणून होते ती मला अपुरी वाटते. ते टपालाने चालणारे वसतिगृहही होते.

हे सगळे फक्त नागसेनवनात घडले असे मात्र समजू नये. याच शहरात मिलिंद सुरू होण्याच्या बारा वर्षे आधी वसतिगृहाची ताकद वेगळ्या रंगात दिसली होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. बंदी आली, मुले अडून राहिली, हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत तेच लोण पोहोचले आणि शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. त्यांच्यात पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने परीक्षेवर पाणी सोडून परक्या प्रांतात जायचे ठरवणे, घरी पत्राने कळवणे, नागपुरात राहायची सोय पाहणे हे एकट्याने होत नाही. आधी कुणी तरी ठरवावे लागते आणि ते ठरवणारा बहुधा दोन वर्षांनी मोठा असतो. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या निजामाविरुद्धच्या पुढच्या लढ्याला मराठवाड्यात जी तरुण फळी मिळाली, तिची जमवाजमव कुठल्याही ठरावाआधी प्रार्थनेच्या खोलीत सुरू झाली होती.

नरहर कुरुंदकरांचा दाखला दिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, जरी ते नांदेडचे. १९३२ मध्ये जन्मलेला, मूळचा कुरुंद्याचा हा माणूस हैदराबादला कॉलेजात गेला आणि इंटरलाच अडकला. १९५५ पासून नांदेडच्या शाळेत शिक्षक, पदवी नाही, आणि तरी एम.ए.ची मुले शंका घेऊन त्यांच्याकडे जात. पदव्या नंतर आल्या, १९६३ मध्ये ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले, पुढे प्राचार्य. त्याच वर्षी त्यांचा 'रूपवेध' आला. कुरुंदकर हे इयत्तेने मागे आणि वाचनाने पुढे असलेले वर्गमित्र होते, आणि हे दुर्मिळ मिश्रण फार उपयोगी ठरते. मास्तरकी नसल्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येई. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. कुरुंदकरांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानियात मराठीचे प्राध्यापक होते. म्हणजे पुस्तकांचे घर त्यांना नात्यातच मिळाले. ज्याच्या नात्यात असे घर नव्हते त्याला ते कुरुंदकरांच्या बैठकीत मिळाले. थोरल्या सोबत्याचे सामाजिक काम नेमके हेच: एकाच्या वाट्याला आलेले घरचे भाग्य तो दहाजणांत वाटतो. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला एका कार्यक्रमात बोलायला उभे असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि वयाच्या पन्नाशीच्या आत ते गेले. त्यांच्यावर जे लिहिले गेले ते गुरुजींवर लिहिले गेले. थोरल्या मित्रावर तुलनेने कमी.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा की आपण जे वाचतो ते तरलेल्यांचे लेखन आहे. ज्याला सीनियर भेटला नाही, किंवा भेटूनही जो दुसऱ्या सत्रात गावी परतला, तो दिवाळी अंकात लिहीत नाही. हे मान्यच करावे लागेल. आठवणींवरून टक्केवारी काढता येत नाही आणि मी काढतही नाही. माझा दावा त्याहून लहान आहे. परतणाऱ्या मुलाला अडवणारे कॉलेजात दोन-तीनच हात असतात: प्राध्यापक, कचेरी आणि सोबती. प्राध्यापकाला तास संपला की मूल दिसत नाही. कचेरीला फक्त थकलेली फी दिसते. तीन दिवस मेसला आला नाही, हे ज्याच्या लक्षात येईल असा हात एकच. तो असूनही काही गेले असतील. तो नसताना किती जातील याचा अंदाज करायला आकडे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप रॅगिंगचा. थोरला म्हणजे सत्ता, आणि सत्ता छळही करते. महाराष्ट्राने यासाठी १९९९ मध्येच कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राघवन समिती बसली, २००९ मध्ये हिमाचलात अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगने जीव गेला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे कडक नियम आले. त्या नियमांत नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवा असे आहे. ज्यांनी सीनियरची भीती पाहिली आहे त्यांच्यापुढे नागसेनवनाची आठवण काढणे उद्धटपणाचे ठरेल, याची मला जाणीव आहे. पण हेच नियम पुढे वाचले तर गंमत दिसते. प्रत्येक संस्थेने मार्गदर्शन कक्ष काढावा, दर सहा नव्या मुलांमागे एक सीनियर मार्गदर्शक असावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे त्यांच्याही वरच्या वर्षाचा एक, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही नाते तोडायचे नव्हते, ते धोपटमार्गावर आणायचे होते. यातला वेगळे ठेवण्याचा भाग सोपा, कारण त्याला कुलूप आणि रखवालदार पुरतो. एकास सहा जोडून देणे अवघड, कारण त्यासाठी मुलांना ओळखणारे कुणी तरी लागते. दोन्हींपैकी काय अमलात येते हे सांगायला नको.

तिसरा आक्षेप जातीचा, आणि इथे मला अधिक सावध राहावे लागते. थोरला सोबती कुणाला मिळतो? आपल्या गावचा, आपल्या तालुक्याचा, आणि खरे सांगायचे तर आपल्या जातीचा. मदतीचे हे जाळे बाहेरच्याला भिंत वाटते. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करायला २००६ मध्ये सुखदेव थोरातांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या तिच्या अहवालात वसतिगृहाचे चित्र आले: अनुसूचित जाती-जमातींची मुले छळाला कंटाळून खोल्या बदलत बदलत ठरावीक मजल्यांवर गोळा झाली होती. मिलिंदच्या माजी विद्यार्थ्याने देशातल्या सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेत वसतिगृहाची ही बाजू नोंदवावी, यात कटू योगायोग आहे. पण अहवाल नीट वाचला तर दोष एकत्र राहण्याचा नाही, बाहेर ढकलले जाण्याचा आहे. नागसेनवनात ज्यांचे संख्याबळ होते त्यांना ते कॉलेज आपले वाटत होते आणि म्हणून तिथे थोरल्याला आधार देण्याइतकी जागा होती. एम्समध्ये थोरला स्वतःच आसऱ्यासाठी जागा शोधत होता. आपल्याच माणसाचा आधार ही पहिली पायरी मानली तर तिला नावे ठेवता येत नाहीत. प्रश्न येतो तो पुढची पायरी कॉलेजने बांधली की नाही याचा.

मुलींच्या बाबतीत मात्र माझ्याकडे तयार उत्तर नाही. हे सगळे नाते संध्याकाळी, व्हरांड्यात, चहाच्या टपरीवर, तालमीनंतर रात्री परतताना जुळत होते आणि त्या वेळात मुली कुठे होत्या? घरी, किंवा वसतिगृहाच्या कुलपाआड. त्यामुळे 'देवासारखा भेटला' हा लेख बाईच्या हातचा फारसा वाचायला मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा त्यात बहुधा एखादी शिक्षिका असते, थोरली मैत्रीण क्वचित. मुलींच्या वसतिगृहात कुलपाआडही थोरल्या होत्याच. त्यांच्याविषयीचे लेखन मागवले गेले नाही, हे संपादकांच्या खात्यावर जाते.

उरला आजचा प्रश्न. 'आता मोबाइलवर सगळे कळते, सीनियर कशाला हवा?' असे म्हणणाऱ्याने एकदा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून पाहावा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे की नाही, जात वैधता प्रमाणपत्राची पावती चालते का, शिक्षणात खंड असेल तर त्याचे शपथपत्र, आधारला जोडलेले खाते कोणते, आणि सगळे झाल्यावर 'अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकलाय' हे वाक्य ऐकून कोणत्या खिडकीवर जायचे. माहिती सगळी उपलब्ध आहे. कोणती आधी आणि कोणती सोडून द्यायची हे सांगणारा नाही. पूर्वी तो वसतिगृहात असे. २०१६-१७ पासून समाजकल्याणच्या होस्टेलला नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना 'स्वाधार' योजनेतून रोख रक्कम मिळते; या शहरात वर्षाला ५० हजारांच्या आसपास. रक्कम वेळेवर मिळाली तर ती मोठी मदत आहे, कारण शहरातल्या किलेअर्कच्या सरकारी वसतिगृहात सगळे मावणे शक्यच नाही. पण सरकारच्या हिशेबात खाट आणि तिची किंमत एकच धरली गेली. पैशात खोली मिळते. शेजारच्या खाटेवरचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा त्यात येत नाही.

त्याची जागा अभ्यासिकेने घेतली असे कुणी म्हणेल. शहरात गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत, तिथे पंचविशी ओलांडलेले अनुभवी विद्यार्थीही आहेत, म्हणजे वयाचे मिश्रण पुन्हा आलेच की. आले, पण एक फरक पडला. कॉलेजात दोन वर्षे पुढचा मुलगा माझा प्रतिस्पर्धी नसतो; त्याचा पेपर वेगळा, माझा वेगळा. एमपीएससीच्या यादीत आम्ही दोघे एकाच जागेसाठी असतो. तिथे नोट्स देणे म्हणजे स्वतःचा नंबर खाली ढकलणे. तरीही देणारे आहेत, हे माणसांचे मोठेपण. पण जे खरेच तरबेज होतात ते काही वर्षांनी स्वतःचा क्लास काढतात आणि तेच ज्ञान फी घेऊन देतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण ते ज्या व्यवस्थेत घडले तिथे फुकट देण्याची जागाच ठेवलेली नाही.

काय करता येईल, तर फार काही नवे नाही. पहिले सत्र नव्या मुलांना वेगळे ठेवा, रॅगिंगची भीती तेवढ्यात ओसरते. दुसऱ्या सत्रापासून खोल्यांत वर्षे मिसळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमातले एकास सहा हे प्रमाण प्राध्यापकांच्या नावाने कागदावर न भरता खऱ्या विद्यार्थ्यांच्या नावाने भरा. मुलींच्या वसतिगृहाला संध्याकाळी वाचनालय आणि तालमीची खोली द्या. स्वाधार घेणाऱ्या मुलांना महिन्यातून दोनदा जवळच्या होस्टेलच्या मेसमध्ये जेवायची मुभा द्या, म्हणजे त्यांना निदान दोन ओळखीचे चेहरे मिळतील. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही. वॉर्डनची नेमणूक मात्र लागते, आणि ती पूर्णवेळ लागते.